बाईंची चूक आणि सहावं निशाण

“अहो बाई, समोर माणूस उभा आहे!”

होकायंत्रावरून मान वर केली, पण तोवर उशीर झाला होता. मी एका तिपाईला धडकले. तिच्यावरचं मोजणीचं यंत्र सावरत जमीन मोजणारा उभा होता. माझ्यामुळे त्याची तासाभराची मेहनत पाण्यात गेली, तरी गडी हसत होता. मला मात्र रडू येत होतं.

“सातव्यांदा दिशा चुकलेय,” मी म्हटलं. “उद्या माझी मुलं या टेकडीवर होकायंत्रानं सहा निशाणं शोधणार आहेत. एक जरी राहिलं ना, तर मुख्याध्यापिका हा तासच बंद करतील.”

माझ्या लिहायच्या पॅडवर ठेवलेलं होकायंत्र त्यानं उचललं, पॅडपासून लांब नेलं... आणि सुई चक्क वळली!

“पॅडची क्लिप लोखंडी आहे. ती सुईला ओढतेय.”

“अगं बाई! पॅडवर ठेवूनच बघा, असं मीच शिकवलंय सगळ्यांना!”

“मग उद्या सांगून टाका, बाई चुकल्या म्हणून.” त्यानं माझ्याकडे बघितलं — जरा जास्तच वेळ. “मी येऊ का... मदतीला?”

मी ‘हो’ म्हणाले, तेही जरा घाईनंच.

सकाळी मी वर्गापुढे चूक कबूल केली. मुलं खुदखुदली. कमरेला मोजणीची टेप लावून आलेल्या त्या मोजणीवाल्याचं तोवर ‘टेपकाका’ असं बारसंही झालं होतं. पॅड गोळा करून तो बसला आणि गट एकेक करत धुक्यात शिरले.

पाच निशाणं आली. सहावं येईना. तो गट मागच्या बाकावरच्या अबोल मुलीचा होता. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या.

“हाक मारू?” मी कुजबुजले.

“नको. तुम्ही शिकवलंय ना? थांबा.” त्याचा हात माझ्या हाताला लागला... दोघांपैकी कुणीच काढून घेतला नाही.

एवढ्यात झुडपं हलली. चिखलानं माखलेली ती मुलगी निशाण नाचवत गटाच्या पुढे बाहेर आली.

“बाई! मध्ये डबकं होतं! बाजूला तीस पावलं गेलो, पुढे गेलो, मग तीस पावलं परत! बरोब्बर सापडलं!”

मी तिला चिखलासकट मिठीत घेतलं. मुख्याध्यापिकांनी घड्याळ झाकलं. “पुढच्या शनिवारी मलाही एक होकायंत्र द्या,” त्या म्हणाल्या.

“माझी इथली मोजणी कालच संपली, बाई,” तो हळूच म्हणाला.

“मग आज आलात कशाला?”

“तुम्हाला जिंकताना बघायला...” त्याचे कान लाल झाले. “नाही — नुसतं तुम्हाला बघायला.”

अख्खा वर्ग कान टवकारून उभा होता. एरवी मी लाजून चूर झाले असते. पण आज कसली लाज!

“मलाही तुम्ही आवडता,” मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. “खूप आवडता!”

टेकडीवर एकच गलका उठला, आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या मुख्याध्यापिकांनी.