त्रिशलाचं बिऱ्हाड

भूपालअण्णा मगदूमांनी न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला, त्याला दोन महिने झाले होते. त्यांची मुलगी पद्मजा पुण्याहून चार दिवसांसाठी सांगलीला आली होती. तिने टॉवेल धुवायला म्हणून ओढला आणि आरशावर लालभडक ओळ उजळली : ‘उदरवस्ती बिघडली आहे. डॉक्टरांना भेटा. सूचना एकसष्टावी.’

एकविसावं शतक उतरणीला लागलं होतं आणि असा आरसा आता घरोघरी होता. संडासाच्या भांड्यातलं यंत्र रोज सकाळी जे तपासायचं ते तपासून निकाल आरशावर मांडायचं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदतात. त्या गावाला लोक उदरवस्ती म्हणू लागले होते, आणि त्यातल्या एकेका जातकुळीला बिऱ्हाड. गाव सुखी तर माणूस सुखी, हे शाळेतली पोरंही सांगत. पण ज्याला बघायचंच नाही, त्याच्यापुढे आरसा तरी काय करणार? झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार!

“पित्त आहे गं जरासं,” अण्णा म्हणाले.

“एकसष्ट दिवस पित्त?”

पद्मजाने मग त्यांच्याकडे नीट बघितलं. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. गुळाचा डबा रिकामा, बिस्किटांचे पुडे मात्र गादीखालीसुद्धा. झोप तुटक, माणसांचा कंटाळा. चाळीस वर्षं सांगलीच्या बाजारात हळद पारखलेला हा माणूस. हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून त्याचा दर सांगायचा. पण सहा महिन्यांत तो बाजाराच्या वाटेला फिरकला नव्हता. आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत आपण दर रविवारी फोनवर “जेवलात का?” एवढंच विचारत आलो, याची पद्मजाला लाज वाटली.

डॉक्टर नसरीन बागवान स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. “अण्णा, तुमच्या वस्तीत चारशे बिऱ्हाडं हवीत. उरलीत साठ. चहा-बिस्किटांवर बाकीची उपाशी मेली. आता सतरा नंबरच्या बिऱ्हाडाचं राज्य आहे. त्याला खायला नाही, म्हणून ते तुमच्या आतड्याचं अस्तर कुरतडतंय. दिवाळीपर्यंत भोक पडेल.”

“मग औषध द्या.”

“औषधाची वेळ गेली. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर भाकरी, ताक, पालेभाज्यांवर भागलं असतं. आता फेरवसाहत. जुनी वस्ती पूर्ण उठवायची आणि निरोगी माणसाची नवी वसवायची. दहा दिवसांचं काम.”

अण्णा ताठ बसले. “बाई, आम्ही जैन. मुंगी बघून पाऊल टाकणारा माणूस मी. कोट्यवधी जीव मारायला सांगताय?”

“ते जीव तुम्हाला मारतायत, अण्णा.”

“त्यांना कुठं कळतंय? मला तर कळतंय ना!”

पद्मजाला हसू आलं आणि रागही. तेवढ्यात डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून सहज म्हणाल्या, “गंमत म्हणजे हा सतरा नंबर मूळचा तुमचा नाही. तुमच्या पत्नींच्या जुन्या नोंदीत सापडतो. त्यांच्या माहेरच्या गावातल्या दोन-चार घरांतच आहे. एका घरात पस्तीस वर्षं काढली की बिऱ्हाडं इकडची तिकडं होतातच.”

 अण्णांनी पोटावर हात ठेवला, सांभाळून. “म्हणजे त्रिशला आहे अजून,” ते म्हणाले. “मग राहू दे.”

पद्मजाने मुक्काम वाढवला, आणि त्यानंतर आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पद्मजाने समजावलं, रागावली, अबोला धरला. शेवटी तिने रडून सांगितलं, “आई गेली तेव्हा मी तुमच्याकडं बघून उभी राहिले. तुम्ही गेल्यावर कुणाकडं बघू?” अण्णांनी तिचे डोळे पुसले आणि सदरा बदलून दवाखान्यात निघाले. लेकीच्या हट्टापुढे बापाचं काय चालतं!

फेरवसाहत उत्तम झाली. आरसा हिरवा झाला. महिन्याभरात अण्णांचे गाल वर आले, दोन भाकरी सहज जाऊ लागल्या. ते बाजारात जाऊन व्यापाऱ्यांची टिंगल करू लागले, आणि पद्मजाचा जीव भांड्यात पडला. तिने पुण्यातलं काम सांगलीहून करायचं ठरवलं. बापाजवळ राहायचं आता, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

श्रावणात आईचा दिवस आला. दरवर्षी त्या दिवशी अण्णा उपवास करून मौन धरत आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, खांबाला टेकून बसत. पद्मजा बस्तीतून परतली, तेव्हा ते घरी वाटाणे सोलत होते.

“अण्णा, आज आईचा दिवस.”

“हो तर! लक्षात आहे. खीर कर थोडी, तिला आवडायची.” आणि त्यांनी आईच्या शेवटच्या दुपारची गोष्ट सांगितली. तिने पाणी मागितलं, चमचा दातावर वाजला, मग तिने यांचं बोट धरलं आणि सोडलंच नाही. चार वर्षांत ही गोष्ट त्यांना एकदाही पुरी सांगता आली नव्हती. आज ती पुरी झाली. एक वाटाणाही खाली पडला नाही. खीर त्यांनी दोनदा मागून घेतली.

पद्मजा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली.

“काही बिऱ्हाडं एक रसायन तयार करतात,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “ते आतड्याच्या मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत जातं. सतरा नंबरचं रसायन जखम ओली ठेवतं, असं आता दिसू लागलंय. दुःख अण्णांचंच होतं. त्याने ते फक्त विझू दिलं नाही.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“मलाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं, तर तुम्ही त्यांना मरू दिलं असतंत?”

 मूल जन्मताना आईची बिऱ्हाडं घेऊनच येतं, एवढं पद्मजाने वाचलेलं होतं. तिने विचारलं, “सतरा नंबर माझ्यात असेल ना? त्यातला थोडा त्यांना देता येईल?”

“देता येईल. पण आजारही पुन्हा येईल. त्यांना विचारून बघा.”

तिने विचारलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, “मला सगळं आठवतंय, बाळ. फक्त रडू येत नाही. रडणारा बाप कशाला हवाय तुला?”

त्यानंतरच्या दिवसांत पद्मजा एकटीच रडली. पूर्वी आईच्या दिवशी दोघं मिळून रडायची, तेव्हा रडणं अर्धं व्हायचं. आता या घरात आई फक्त तिच्यासाठीच गेली होती. तिचं जेवण सुटलं, चहा वाढला, पोट गच्च राहू लागलं. एका सकाळी अण्णा तिच्या समोर येऊन बसले.

“पद्मा, ब्लाऊज सैल झालाय तुझा. झोपत नाहीस. गोड खात सुटल्येस. ही लक्षणं मी ओळखतो.” चाळीस वर्षं हळद पारखलेली नजर आता कुठे पुन्हा कामाला लागली होती. “मी डॉक्टरीणबाईंशी बोललोय. तुझं अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण त्या म्हणतात, हवं तर फेरवसाहत करून टाका. करून टाक! दहा दिवसांत मोकळी होशील. माझ्याकडं बघ, आता कशाने काही दुखत नाही.”

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात तोच होता, ऊबदार, हळदीच्या वासाचा. काळजीही खरी होती, तिच्यात काडीची खोट नव्हती. तरी पद्मजाच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला.

“अण्णा, उद्या मी गेले, तर तुम्ही रडाल ना?”

अण्णांनी नजर वळवली नाही. ते प्रामाणिक माणूस होते, म्हणून त्यांनी आधी खरोखर विचार करून बघितला. बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन गेली, तरी ते विचारच करत होते.