पंधरावी पुंगळी

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला, नेमबाजीचा शेवटचा बार उडाला आणि नेमाच्या फणसाच्या ओंडक्यामागे, गोळी कुठे लागली ते सांगायला बसलेला पांडू किंचाळला. वीतभर जाड ओंडका भेदून गोळी त्याच्या खांद्यात शिरली होती.

पांडूला बैलगाडीतून महाडला नेलं. दुपारी पोलादपूरचा फौजदार माळावर आला, तो थेट चंद्रभागेसमोर उभा राहिला.

"काडतुसं तुम्ही भरलीत?"

"सगळी पंधरा. पन्नास पावलांच्या नेमाला लागतात तेवढीच मऊ, कमी दारूची."

तिचा नवरा पलटणीत बंदुका दुरुस्त करी. त्याच्या माघारी काडतुसं भरायचा परवाना तिच्या नावावर झाला होता. त्यावरच तिचं पोट होतं.

"परवाना द्या. जप्त करावा लागेल."

"नाय देणार. आधी गोळी कुणाची ते ठरवा."

तेच तर कळत नव्हतं. शेवटचा बार देवीचा. ढोलाच्या ठोक्यावर तिघेही एकदम झाडत: रायबा, सखा आणि महाडला काडतुसांचं दुकान असलेला येसाजीशेठ.

"ठरवायचं काय त्यात?" येसाजी कडाडला. "बाईनं दारू जास्त भरली. कारखान्याचा माल सोडून घरची काडतुसं घेतली की असंच होणार!"

चंद्रभागेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हातावर भरवसा ठेवूनच पांडू तिथे बसला होता.

तिने सूप ओढलं. नेम संपला की प्रत्येकाने उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सुपात टाकायच्या आणि तिने त्या पुन्हा भरायच्या, असा रिवाज होता. एकेक पुंगळी उचलून कडेवरच्या कानशीच्या खाचांवरून तिने अंगठा फिरवला. चौदांची मान काजळलेली होती. एक लख्ख होती.

"रायबा, किती टाकल्यास?"

"पाच, काकी."

"सख्या, तू?"

"पाचच."

"शेठ?"

"पाच! मोजून घे."

"मोजल्या. फौजदारसाहेब, शेठचा खिसा बघा. माझं न उडालेलं काडतूस हाय त्यात."

खिशातून काडतूस निघालं. कडेला तीन खाचा होत्या.

"माझ्या काडतुसात दारू चिमूटभर," चंद्रभागा म्हणाली. "तेवढ्यानं पुंगळी रायफलीत गच्च फुगत नाय. धूर मागं येतो, मान काळी व्हते. पुऱ्या दारूची पुंगळी फुगून बसते, लख्ख ऱ्हाते. ही लख्ख कारखान्याची हाय."

"पण शेठचीच कशावरून?" फौजदाराने विचारलं.

"पुंगळी ज्या रायफलीत उडते तिचाच घाट घेते. म्हणून ज्याची त्यालाच भरून देते मी. रायबाला एक खाच, सख्याला दोन, शेठला तीन. त्या दोघांच्या पाच-पाच हायत. शेठच्या चारच. पाचवी बिनखाचेची. आकडा जुळावा म्हणून यानं आपली टाकली. जल्मभर काडतुसं इकली, भरलं एकबी नाय. खाचा कशाला बघंल?"

"या काडतुसातही तसलीच दारू असेल!" येसाजी ओरडला.

चंद्रभागा ताडताड चालत गेली आणि ओंडक्याच्या धड भागामागे उभी राहिली.

"रायबा, शेठची रायफल घे. त्याच काडतुसानं मार."

"बाई, बाहेर या!" फौजदार धावला.

"पांडू बसला व्हता तिथंच हाय मी. मार रे!"

रायबाने श्वास रोखला. बार झाला.

ती ओंडक्यामागून चालत बाहेर आली. फौजदाराने ओंडक्याची मागची बाजू हाताने चाचपली. तिकडे ओरखडाही नव्हता.

येसाजी पुटपुटला. "मला नुसता ओंडका फोडायचा होता. लोकांनी तिच्याकडं जाऊ नये म्हणून..."

फौजदाराने लख्ख पुंगळी पुराव्याला खिशात टाकली. रायबाने रायफलीतली पुंगळी काढून दिली. तिची मान काळी होती.

चंद्रभागेने ती सुपात टाकली.

"आता झाल्या पंधरा."