ड्रायव्हरमागची सीट

हे कुणाला सांगणार नाही, असं मी मालविकाला कबूल केलं होतं. पण दोन दिवस ती शाळेत आलेली नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

हाफ-टर्मच्या आठवडाभराच्या सुट्टीत मालविका आईबाबांबरोबर इटलीतल्या सरोवरांकडे गेली होती. सोबत नागपूरहून आलेल्या श्यामलाआत्या. बेत साधाच होता. सकाळी बोटीने सरोवर ओलांडायचं, छोट्या ट्रेनने डोंगराच्या पायथ्याशी जायचं, आणि तिथून पिवळ्या बसने खिंड चढून स्वित्झर्लंडमधल्या एका गावात मुक्कामाला.

बोटीवरच आत्यांनी सुरुवात केली. शेजारी लंडनच्या एजवेअरचं एक मराठी कुटुंब होतं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐकलंत? 'माझा बॅग' म्हणते. पंधरा वर्षांची घोडी झाली. आणि जर्मन शिकते म्हणे शाळेत. आधी मराठी तर धड बोल."

बाबासुद्धा हसले. मालविका पाण्याकडे बघत राहिली. ती उलट बोलत नाही, पण विसरतही नाही.

बसचं दार उघडताच आत्या सगळ्यांच्या पुढे चढल्या. ड्रायव्हरमागच्या सीटवर एक राखाडी लोकरीची शाल घडी करून ठेवली होती. आत्यांनी ती वरच्या रॅकवर टाकली, आपली ओढणी पसरून जागा धरली आणि ऐसपैस बसल्या.

म्हातारा ड्रायव्हर उठून जवळ आला. हळू आवाजात, जर्मनमध्ये म्हणाला, "ही सीट रिकामी ठेवायची. एका हिवाळ्यात एका बाईला या बसमध्ये कुणी जागा दिली नाही, ती रस्त्यावर गारठून मेली. अजून चढते. तिची जागा जो घेतो, त्याची जागा ती घेते."

मालविकाला शब्द न् शब्द कळला.

"काय म्हणतोय गं? चल, आता तरी कामाला येऊ दे तुझं जर्मन."

"काही नाही आत्या. आरामात बसा म्हणतोय."

ड्रायव्हरने मालविकाला विचारलं, "सांगितलंस तिला?" मालविका हो म्हणाली. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि बस सुरू केली.

रस्त्याकडेला अजून बर्फाचे ढिगारे होते. एका वळणावर बस थांबली. बाहेर कुणीच नव्हतं, तरी दार उघडलं. ओल्या लोकरीचा वास आत आला आणि दार मिटलं. आत्या चटका बसल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"बसायला नको वाटतंय गं... कुणीतरी ढकलतंय."

गाव येईपर्यंत त्या दांडा धरून उभ्या होत्या. मालविकाला मनातून बरं वाटलं. हे तिने मला दोनदा सांगितलं.

परतीच्या विमानात त्यांना पट्टा बांधून बसवावं लागलं. इकडे कॉव्हेंट्रीला घरी पोचल्यावर बघितलं, तर मांड्यांवर काळेनिळे डाग, बर्फाने भाजल्यासारखे. तेव्हापासून अकरा दिवस त्या भिंतीला टेकून उभ्यानेच झोपत होत्या. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांना काही सापडेना. आणि बैठकीतल्या त्यांच्या खुर्चीच्या गादीला खळगा पडलेला, कायम ओला.

परवा संध्याकाळी मालविका एकटीच त्या खुर्चीसमोर उभी राहिली. जर्मनमध्ये म्हणाली, चूक माझी आहे, मी मुद्दाम सांगितलं नाही. त्या मरतील. त्यांना बसू दे.

गादी हळूहळू वर आली, कुणी उठल्यावर येते तशी.

"ती उठली," मालविका मला फोनवर म्हणाली, "पण दाराकडे नाही गेली... आत्यांकडे गेली."

आत्ता खालून आई हाक मारतेय. "अगं, मालविकाच्या आईचा फोन आलाय. श्यामलाताई बसल्या गं एकदाच्या. छान हसतायत म्हणे. पण बोलतायत ते कुणालाच कळत नाहीये, आणि मालविका खोलीचं दार उघडत नाहीये. तुलाही येतं ना जर्मन? चल, कोट घाल, जाऊन येऊ."

मी आईला सांगणार आहे की मला तितकंसं येत नाही, पण ती माझा कोट घेऊन जिना चढून वर येतेय.