नऊ बोटांचा शब्द

म्हसाच्या जत्रेत माईकवर घोषणा करणाऱ्या वाळूच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली. त्यानं मान वर केली... आणि चिठ्ठी वाचायची तशीच राहिली.

"वाचा ना," धसईच्या दवाखान्यातली नर्स अंजू म्हणाली. "जत्रेतल्या तपासणी शिबिराचे डॉक्टर येतायत. त्यांचं स्वागत करायचंय."

वाळूनं वाचलं आणि त्याला घाम फुटला. ऑटोरायनोलॅरिंगॉलजिस्ट! गेल्या वर्षी असल्याच एका शब्दावर तो अडखळला होता, सारी जत्रा हसली होती. 'पुन्हा हसं झालं तर माईक त्या कॉलेजातल्या ओमकारकडे,' असं सरपंचबाईंनी बजावलं होतं.

"कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणू?"

"तेच लिवलंय की! ऑटो म्हंजे कान, रायनो नाक, लॅरिंग घसा, शेवटी जाणकार. चार बैल एका दावणीला."

वाळू बघतच राहिला. शेंग सोलावी तसा शब्द सोलला हिनं!

समोर बैलबाजारात दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होते. तिकडं पाहून अंजू हसली. वाळूच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तिनं टेबलावर पसरला.

"हात घाला खाली. दोनी."

"आँ?"

"एका बोटाला एक तुकडा. मी जोरात दाबीन तिथं आवाज चढवायचा."

तेवढ्यात गाडी थांबली, डॉक्टर उतरले. वाळूनं माईक सुरू केला. टॉवेलाखाली तिची बोटं डाव्या करंगळीपासून निघाली — ऑ, टो, राय, नो, लॅ... उजव्या अंगठ्यावर रिं... आणि पुढच्या बोटाला तिनं असं दाबलं, की 'गॉ' म्हणताना त्याचा आवाज आपोआप चढला आणि पुढच्या दोन बोटांवर, 'ल' आणि 'जिस्ट'वर, अलगद उतरला.

डॉक्टरांनी थबकून हात जोडले. जत्रेत कुणीच हसलं नाही. वाळूनं माईक बंद केला.

"जमलं की! हसलं का कोन?" अंजू हसत म्हणाली.

"तुमी हसलाव."

"ते निराळं..."

तिचा हात अजून टॉवेलाखालीच होता.

"नऊ बोटं झाली," तो म्हणाला. "ही करंगळी उरली."

"मंग? तिला काय शिकवू?"

"तिला शिकायचं नाय..." वाळू पुटपुटला. "तिला... तुमी आवडता."

अंजूनं बैलबाजाराकडं मान वळवली. वाळूला वाटलं, माईक हातात राहिला, पण ही हातची गेली.

मग टॉवेलाखाली त्याची करंगळी दाबली गेली. 'गॉ'पेक्षाही जोरात.

"दाबलंय ना?" खाली मान घालून अंजू म्हणाली. "मंग आवाज चढवा की..."