मागच्या अंगणातलं ऊन

महेंद्र ओव्हाळने आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या होत्या. मानपाड्याच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. समोर आलेला पार्ट मायक्रोमीटरमध्ये धरायचा, माप बघायचं, पास करायचा नाहीतर बाजूला टाकायचा. चाळिशी उलटल्यावर त्याला वाटायला लागलं, की एखादी बंद पडलेली गोष्ट आपण स्वतःच्या हाताने चालू करून बघावी. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे, गंजलेल्या पंख्यांच्या ढिगात पडलेली चेनसॉ त्याने उचलून आणली, त्यामागे याहून मोठं कारण नव्हतं.

"आपल्याकडे कापायला झाड कुठंय?" त्याच्या बायकोने, मेघनाने विचारलं.

"कापायचं नाहीये. चालू करायचंय."

ती हसली आणि कुरडयांचा चीक ढवळायला आत गेली.

टिटवाळ्यातल्या नव्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि तळमजल्याचा फायदा म्हणून मागे थोडंसं अंगण. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिथे हिरवळ होती, झाडं होती. ताबा मिळाला तेव्हा करडे पेव्हर ब्लॉक होते आणि पूर्वेला एक भिंत. त्या भिंतीवरून ऊन आलं की थेट मागच्या दारापर्यंत यायचं. एप्रिल लागल्यावर नऊच्या सुमारासच तिथे अनवाणी पाय ठेवायची सोय नसे. मेघना त्या उन्हात वाळवणं घालायची. महेंद्रचे वडील, शिवराम, दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. कल्याणात पोस्टमन म्हणून सगळी नोकरी उन्हात काढलेला माणूस; अर्धांगवायूनंतर डावा पाय ओढत चालायचे, बाहेर जायचं तर कुणाचा तरी दंड धरून. पण घरात बसवत नसे. बाहेर बसायचे आणि उन्हाला नावं ठेवायचे.

महेंद्रने मशीन खोललं ते याच अंगणात, जुन्या चादरीवर. पुढची लोखंडी पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी चेन गंजून एकजीव झाली होती, ती काढून त्याने बाजूला टाकली. सायलेन्सरचं तोंड काजळीने बुजलेलं. पिस्टनवर एका बाजूने उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटून बसलेली. कार्बोरेटरमधला रबरी पडदा वाळलेल्या पापडासारखा कडक झाला होता. बोट लावताच मोडला. कुठला स्क्रू कुठला, हे कळावं म्हणून प्रत्येक भागाचा त्याने मोबाइलवर फोटो काढला. सिलिंडर आतून बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला, मापं घेतली, आणि तो अजून वापरता येईल असं ठरवलं. नवा पिस्टन, रिंग, सील, पेट्रोलची नळी, सगळं कल्याणहून आणलं. जोडताना रिंग दोनदा निसटली. एकदा सगळं बसवून झाल्यावर एक वॉशर चादरीवर उरला, म्हणून पुन्हा खोललं. शिवराम खुर्चीतून बघत राहायचे.

"एवढं माझ्या पायावर केलं असतंस तर धावलो असतो," ते म्हणायचे.

एका रविवारी सकाळी त्याने टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल घातलं, चोक ओढला, मशीन पायाखाली दाबून दोरी खेचली. बऱ्याच वेळा खेचली. मग ते एकदा खोकलं, आणि पुढच्या हिसक्याला लागलं. निळा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज. महेंद्रला आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मानेवर गार लागलं. ढग आला असावा. थोडा वेळ रेस देऊन त्याने मशीन बंद केलं, तेव्हा ऊन जागच्या जागी होतं.

"मध्येच अंधारून आलेलं का?" मेघनाने खिडकीतून विचारलं. "कुरडया बाहेर आहेत."

"ढग असेल."

"बरं वाटलं जरा," शिवराम म्हणाले.

पुढच्या रविवारी त्याने खाली बघितलं, म्हणून त्याला दिसलं. मशीन चालू होताच पेव्हर ब्लॉकवर सावली आली होती. इमारतीची नव्हे, ढगाची नव्हे. पानांची. उन्हाचे लहान लहान कवडसे ब्लॉकवर हलत होते, वारा नसताना. भिंतीच्या पायथ्यापासून खोडासारखा एक जाड पट्टा अंगणभर सरळ आला होता आणि दाराजवळ तो फांद्यांत पसरला होता. शिवराम त्या फांद्यांत बसले होते, डोळे मिटून.

महेंद्रने वर बघितलं. भिंतीवर एक कावळा होता. त्यामागे पांढरं, रिकामं आभाळ.

त्याने बटण दाबलं. मशीन थांबलं, आणि अंगण लख्ख झालं.

तो घाबरला नाही, निदान तेव्हा नाही. मोजता येणाऱ्या गोष्टीला कधी घाबरायचं नाही, असं त्याच्या कामानेच त्याला शिकवलं होतं. त्याने खडू आणला. पुन्हा मशीन चालू केलं, खाली ठेवलं, आणि ते धडधडत असताना जमिनीवर गुडघे टेकून त्या जाड पट्ट्याच्या दोन्ही कडा आखून घेतल्या. खडूखालचा ब्लॉक गार होता. रेघेबाहेरच्या ब्लॉकवर तळवा ठेवला तर चटका बसला.

"काय करतोस रे?" शिवरामांनी ओरडून विचारलं.

"माप घेतोय."

"घे, घे. पण चालू ठेव. कित्येक वर्षांत झाडाखाली बसलो नव्हतो."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. त्याने दिलासा मिळण्याऐवजी महेंद्रला जास्तच वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी सावली रेघांत बसली नाही. दिवसागणिक सूर्य सरकतो, तेवढा फरक त्याने धरला होता. हा त्याहून वेगळा होता. पट्ट्यात भिंतीपासून हातभर अंतरावर उन्हाची एक बारीक पाचर घुसलेली होती. त्याने मशीनला रेस दिली. पाचर आत सरकली. रेस सोडली, ती थांबली. पुन्हा दिली.

मशीनवर चेन नव्हती. पट्टी नव्हती. नुसतं इंजिन फिरत होतं.

तेव्हा त्याने दाराकडे बघितलं. वडिलांच्या अंगावरच्या पानांच्या कडा मागच्या वेळी पुसट होत्या. आता त्या कात्रीने कापल्यासारख्या धारदार होत्या. वस्तू जमिनीजवळ आली की तिच्या सावलीची कड स्पष्ट होते, हे त्याला माहीत होतं. त्याने बटण दाबलं, प्लगची वायर उपसून काढली आणि मशीन पोत्यात घातलं.

"बंद का केलंस?" शिवराम म्हणाले.

"पेट्रोल संपलं."

मे महिना तापला. शिवराम रोज विचारायचे, यंत्र लाव ना जरा. महेंद्र काही ना काही कारण सांगायचा. त्याने खुर्ची आत आणून ठेवली की ते पाय ओढत ती परत त्याच जागी न्यायचे आणि भर उन्हात बसायचे.

"उन्हाने काहीतरी होईल त्यांना," मेघना म्हणाली. "लावा ना ते मशीन थोडं. त्यांना आवडतं."

"विकतोय मी ते."

"एवढं जीव लावून केलंत आणि विकता?"

खडवलीच्या बाजूला पंढरी नावाचा एक जण पडलेली झाडं कापायची कामं घ्यायचा. शनिवारी सुट्टी टाकून महेंद्र मशीन स्कूटरवर बांधून तिकडे गेला. निघताना मेघनाला बजावून गेला, की काही झालं तरी बाबांना मागे बसू देऊ नकोस.

पंढरीचं खळं मोकळं होतं, चारी बाजूंनी ऊन. त्याने स्वतःची पट्टी आणि चेन चढवली, मशीन उचलून तोललं.

"चालू केल्याबिगर घेणार नाय," तो म्हणाला.

महेंद्रने मान हलवली. पंढरीने एकाच हिसक्यात इंजिन लावलं. महेंद्र जमिनीकडे बघत राहिला. पंढरीची सावली होती, त्याची स्वतःची होती, स्कूटरची होती. बाकी नुसती माती. पंढरीने बाभळीच्या ओंडक्याला चेन लावली, पूर्ण रेस दिली, भुसा उडाला, आणि ओंडक्याचे दोन तुकडे झाले. तरीही काही आलं नाही. महेंद्रला हसू आलं.

"बेस बांधलंस," पंढरी म्हणाला. "तुझं पहिलंच ना? वाटत नाय."

अर्ध्या तासाचा रस्ता; परतताना तो वाटेत कुठे थांबला नाही.

मेघना दारातच होती. "ऐकलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "मी गॅस बंद करायला गेले तेवढ्यात बाहेर जाऊन बसले."

"काही झालं?"

"काही नाही. अर्ध्या तासापूर्वी एकदम अंधारलं, डोळ्यापुढे अंधारी येते ना तसं. आणि लगेच ऊन."

महेंद्र मागे गेला. ब्लॉक तापलेले होते. कुठे एक पान नव्हतं. शिवराम खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, चेहरा शांत.

"पडलं," ते म्हणाले.

"काय पडलं, बाबा?"

"मला लागलं नाही. बघ की." त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले.

खरंच लागलं नव्हतं. ते नेहमीसारखे जेवले, दुपारी झोपले. रात्री महेंद्रलाही झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांना रक्तदाब तपासायला घेऊन निघाला. दवाखाना गल्लीच्या टोकाशीच होता. शिवरामांनी त्याचा दंड घट्ट धरला होता. त्यांच्या बोटांचा दाब त्याला सदऱ्यातून जाणवत होता. ऊन पाठीमागून येत होतं आणि समोरचा सिमेंटचा रस्ता कोरा, पांढरा होता.

"आज ऊन लागत नाही बघ," शिवराम म्हणाले.

महेंद्रने रस्त्याकडे बघितलं आणि त्याची पावलं मंदावली.

"काय झालं रे?"

"काही नाही बाबा. सावकाश चला."

रस्त्यावर एकच सावली चालली होती. तिचा एक हात कोपरात वाकलेला होता, कुणाला तरी आधार दिल्यासारखा, आणि त्या हाताच्या पलीकडे सरळ ऊन होतं.