शिशिरच्या पानाजवळची हार्ड डिस्क

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मी कोणाशी वाद घालायला बसलेली नाही.

रायपूर, चौबे कॉलनी. गेल्या मे महिन्यातली दुपार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. खिडकीत कूलर घरघरत होता आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं.

शांताकाकूंनी मला बोलावलं होतं. नात्यातल्या नाहीत, पण त्यांचं आणि माझ्या आईचं माहेर अमरावतीचं, म्हणून काकू. त्यांचा एकुलता एक मुलगा शिशिर मार्चमध्ये बाइकच्या अपघातात गेला. फोनचा चुरा झाला. पण आईशी झालेला प्रत्येक कॉल तो रेकॉर्ड करायचा आणि एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा.

काकूंना त्याचा आवाज ऐकायचा होता. बाकी काहीच नको होतं.

शिशिरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. शंकर नगरच्या ऑफिसात मी दिवसभर तेच सांभाळते.

"मंजिरी, फोल्डर उघडतच नाही वं," काकू म्हणाल्या. "नुसतं गोल गोल फिरून राहिलं."

"वायर खराब असन, काकू."

बहुतेकदा वायरच असते. वायर बदलली. मधला यूएसबी हब काढला. डिस्क थेट मागच्या निळ्या पोर्टला लावली, तो वेगवान असतो. कॉम्प्युटर स्वतःच्या नोंदी ठेवतो तो लॉग पाहिला. जोडणी पूर्ण वेगाने झाली होती. डिस्कची तब्येतही ठणठणीत.

तरी एवढीशी फाइल कॉपी होईपर्यंत माझा चहा निवून गेला.

मग डिस्कच्या दिव्याकडे लक्ष गेलं…

मी हात बाजूला घेऊन बसले होते. काहीच चालू नव्हतं. दिवा मात्र भराभर लुकलुकत होता.

कोणीतरी डिस्क वाचत होतं.

कोण वाचतंय, हे विचारायची कमांड असते. दिली. उत्तर आलं… रिकामं. म्हणजे कोणीच नाही.

मला राग आला. कॉम्प्युटर खोटं बोलला की माझं डोकंच फिरतं. कुठली फाइल शेवटची कधी उघडली, ते काढून पाहिलं. सगळ्यात वरची वेळ आत्ताची होती. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. आता पुढची फाइल. मग त्याच्या पुढची. प्रत्येक कॉल जितका लांब, तितकाच वेळ घेऊन…

कोणीतरी ते ऐकत होतं.

डिस्क काढायची कमांड दिली. डिव्हाइस बिझी आहे, असं उत्तर आलं. पुन्हा दिली. तेच.

"काकू, हे कुठं पडलं-बिडलं होतं का?"

"पडलं नाही. तेरवीले त्याचं पान वाढलं ना, तवा पानाजवळ ठेवलं होतं. चश्मा, घड्याळ, आन् हे. जिथं तिथं संगं न्यायचा."

"मग?"

"चश्मा आन् घड्याळ महादेव घाटावर नदीत सोडलं. हे मी परत घरात आणलं. श्यामराव भाऊजी नाही म्हणून राहिले होते. पानाजवळ ठेवलं ते त्याचं झालं म्हणे. पण त्याच्या लोकेश नावाच्या दोस्तानं सांगितलं का याच्यात आवाज आहे. मग मी कशी सोडू?"

कॉपी झालेली ती एक फाइल लावली.

काकूंचा आवाज आला. "जेवला का?"

…

"काहून रे, डब्बा नाही आला?"

…

"हव, ठेव मग."

शिशिरच्या जागी काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही. दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. सगळीकडे काकू विचारत होत्या, रागावत होत्या, हसत होत्या, आणि समोरून कोणी नव्हतं. त्याचं जे होतं ते त्याने नेलं होतं. मला रडू आलं.

तेवढ्यात फोल्डरमध्ये एक नवी फाइल दिसली…

तारीख आणि वेळ त्याच दुपारची.

लावायला नको होती. मी लावली.

लांबलचक शांतता… मग काकूंचाच आवाज. "हव बेटा. येऊन राहिली मी."

"काकू, हे तुम्ही कधी बोलल्या?"

"मी नाही बोलली," काकू म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला होता. शिशिर गेल्यापासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "त्याचा आवाज आला ना. तुले नाही आला?"

"नाही. काय म्हणाला?"

"बोलावून राहिला."

मी वायर उपसायला हात घातला. काकूंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"नको वं. एवढंच तर आहे मापाशी."

मी हात मागे घेतला.

तो कॉम्प्युटर तेव्हापासून कोणी बंद केलेला नाही. श्यामरावकाका समजावून थकले. काकूंनी जेवण जवळजवळ टाकलं आहे. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत. मी ऑफिसात विचारलं, तर सगळे मला वायर बदलायला सांगतात.

उपाय मला माहीत आहे. वायर उपसायची. पण उपसली तर तो आवाज जाईल, आणि त्या आवाजाशिवाय काकू जगणार नाहीत. राहू दिली तरी जगणार नाहीत. रोज संध्याकाळी मी काकूंच्या जिन्यापर्यंत जाते आणि परत येते.

काल फोन केला. विचारलं, चार घास खाल्ले का.

"ठेव तू आता," काकू म्हणाल्या. "त्याचा येऊन राहिला."

मी ठेवला.