काकडीची पहाट

स्कूटी पंक्चर झाली ती नेमकी चौलच्या वळणावर. संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस... आणि समोर एका नर्सरीच्या शेडनेटमध्ये नुसता लखलखाट. रुचिका ओढणी सावरत आत शिरली.

"लग्न आहे का कुणाचं?"

काकडीच्या रोपांवर वाकलेला तरुण, निकेत, वळला. "नाही हो! रोपं लवकर वाढावीत म्हणून रात्रभर दिवे लावतो. पण वाढ राहिली बाजूला, केवडा रोग पडलाय. एरवी माणसानं मुलींना केवडा द्यावा, माझ्या नशिबी तो पानांवर!"

ती हसली. मग एक पान उलटून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. खाली करडी बुरशी. वनस्पतींच्या रोगांवरच तिचं संशोधन चाललं होतं.

"दिवे बंद करा."

"का?"

"रोपांच्या आतही घड्याळ असतं. या बुरशीचा जोर पहाटेच्या दवात. रोप ते ओळखून आधीच तयारीला लागतं. तुम्ही त्याची रात्रच पळवलीत... त्याला पहाट कळणार कशी?"

निकेतनं दिव्यांकडे पाहिलं. "आणि नाही जमलं तर? आई म्हणते, आता आणखी रोपं गेली की नर्सरी बंद. न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरी धर."

"खरं सांगू? प्रयोगशाळेबाहेर मीही हे करून पाहिलेलं नाही."

"मग करू या. दोघं मिळून."

रोगट रोपं उपटून त्यांनी नवं बी पेरलं. रात्री अर्धं दिव्यांखाली, अर्धं अंधारात. रुचिका येत राहिली – कधी पानं तपासायला, कधी उगाचच. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका सकाळी त्याचा फोन आला, "ये... आत्ता!"

ती धावतच पोचली. दिव्यांखालची रोपं पिवळी पडली होती. अंधारातली? हिरवीगार! कुठे एखादा डाग, पण तिथेच थांबलेला. निकेतनं आनंदानं आरोळी ठोकली. रुचिकाचे डोळे भरून आले.

त्या हिरव्या रोपांनी भरलेला टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा निकेत हळूच म्हणाला, "आता तुला यायला कारण उरलं नाही..."

"कारण लागतंच का?"

"मग... राहशील? कायमची?"

तिनं मान खाली घातली. ओठांवरचं हसू मात्र लपलं नाही. "हो."

टेम्पोपाशी उभ्या असलेल्या निकेतच्या आई, सगुणाबाई, ओरडल्या, "काय कुजबुज चाललीय रे? तिला इचारायचं ते इचारून टाक एकदा! मी कधीची तयार हाय!"

"विचारलंय त्यानं, आई," रुचिका म्हणाली, "आणि मी हो म्हटलंय."